तीर्थाला किरणांची साक्ष कशाला?

गुरू सिंह राशीत आला की प्रकाशाच्या घाटावर पाय ठेवायला जागा उरत नाही. नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातले प्रकाशा हे गाव तापी आणि गोमाईच्या संगमावर वसले आहे. खानदेशात त्याला दक्षिण काशी म्हणतात. काशी विश्वेश्वर आणि केदारेश्वर इथे शेजारी-शेजारी नांदतात. काशी करून आलेली माणसे प्रकाशाला येऊन पूजा केल्याशिवाय यात्रा पुरी झाली असे मानीत नाहीत. बारा वर्षांनी येणाऱ्या अशा पर्वण्यांना अलीकडे एक नवे समर्थन चिकटले आहे. ग्रहांच्या विशिष्ट स्थितीमुळे वैश्विक किरण नदीच्या पाण्यात उतरतात आणि म्हणून त्या वेळच्या स्नानाला ‘वैज्ञानिक आधार’ आहे, असे मोबाइलवर फिरणारे संदेश छातीठोकपणे सांगतात.

हा दावा भौतिकशास्त्रापुढे टिकत नाही, हे सांगायला फार वेळ लागत नाही. तो आपल्याच न्याय आणि मीमांसा या शास्त्रांपुढेही टिकत नाही, हे मात्र जरा थांबून पाहण्यासारखे आहे.

वैश्विक किरण म्हणजे प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास धावणारे कण. त्यांतले सुमारे नव्वद टक्के प्रोटॉन असतात, उरलेल्यांत बहुतेक हेलियमची केंद्रके. ऑस्ट्रियाचे व्हिक्टर हेस ७ ऑगस्ट १९१२ रोजी बलूनमधून पाच हजार मीटरच्याही वर गेले आणि उंची वाढते तसे हे प्रारण वाढते हे त्यांनी दाखवले. आपल्याकडे होमी भाभांचे नाव जगात आधी झाले ते याच विषयात. वातावरणावर आदळलेल्या एका कणातून कणांचा पाऊस कसा तयार होतो, याचे गणित भाभा आणि हाइटलर यांनी १९३७ मध्ये मांडले. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने हे काम उटी, कोलारच्या सोन्याच्या खाणी आणि सातपुड्यातली पचमढी इथवर नेले.

हा पाऊस सगळीकडे आणि सतत पडतो. संगमावर तर्पण करणाऱ्याच्या ओंजळीत पाणी असते, तीळ असतात, दर्भ असतो. पितरांसाठी ते पाणी अंगठा आणि तर्जनीच्या मधून सोडतात. ते सुटेपर्यंत दर सेकंदाला या पावसातला एखादा म्युऑन नावाचा कण त्याच्या तळहातातून आरपार गेलेला असतो. तसाच तो शहाद्याच्या बाजारात भाजी तोलणारीच्या हातातूनही जातो, सिंहस्थ असो वा नसो. गुरूकडूनही काही इलेक्ट्रॉन पृथ्वीपर्यंत पोचतात, हे खरे आहे. पण त्यांची भरती-ओहोटी साधारण तेरा महिन्यांची असते, बारा वर्षांची नव्हे. शिवाय ते वातावरणातच अडकतात, तापीपर्यंत येत नाहीत.

मग हे कण येतात तरी कुठून? नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, अशी म्हण आहे. तापीकाठच्या लोकांनी तिचा पहिला अर्धा भाग कधी मनावर घेतला नाही. बैतूल जिल्ह्यात मुलताईला सूर्यकन्या तापीचे उगमकुंड आहे आणि तेही तीर्थच आहे. वैश्विक किरणांच्या बाबतीत मात्र प्रवाहाच्या उलट चालत जाण्याची सोय नाही. हे कण विद्युतभारित असल्यामुळे आकाशगंगेतली चुंबकक्षेत्रे त्यांना लाखो वर्षे भरकटवत ठेवतात. शेवटी ते पृथ्वीवर येतात तेव्हा सगळ्या दिशांकडून जवळजवळ सारखेच येतात. दिशादिशांतला फरक हजारात एकाच्या आसपास असतो.

१९३४ मध्ये वॉल्टर बाडे आणि फ्रिट्झ झ्विकी यांनी महास्फोट होऊन मरणाऱ्या ताऱ्यांवर, म्हणजे अतिनवताऱ्यांवर, बोट ठेवले. हिशेबही जुळत होता. आपल्या आकाशगंगेत शतकात दोन-तीन असे स्फोट होतात, आणि प्रत्येकाच्या ऊर्जेचा सुमारे दहावा भाग कणांना मिळाला तर वैश्विक किरणांचा सगळा खर्च भागतो. स्फोटानंतर सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने पसरणाऱ्या आघात-लाटेच्या आरपार कण पुन्हा पुन्हा ये-जा करतो आणि प्रत्येक फेरीत थोडी ऊर्जा कमावतो, ही यंत्रणा १९७७-७८ च्या सुमारास मांडली गेली. पण हिशेब जुळला म्हणजे चोर सापडला असे होत नाही. साक्षीदार हवा होता, आणि तोही सरळ चालणारा.

तो गॅमा किरणांच्या रूपाने मिळाला. गॅमा किरणांना विद्युतभार नसतो, त्यामुळे ते निघाले तिथून थेट येतात. ताऱ्याच्या अवशेषातले वेगवान प्रोटॉन आसपासच्या वायूवर आदळले की पायॉन नावाचे कण निर्माण होतात, आणि त्यांतला उदासीन पायॉन लगेच फुटून दोन गॅमा किरण देतो. नामिबियातल्या ‘हेस’ दुर्बिणींनी २००४ मध्ये वृश्चिक राशीतल्या एका अवशेषाचे गॅमा चित्रच टिपले. तरीही वाद मिटला नाही, आणि इथेच न्यायशास्त्र उपयोगी पडते.

अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ आपल्या पाठशाळांत पिढ्यान्‌पिढ्या शिकवला गेला. यशवंत वासुदेव आठल्ये यांनी संपादलेली आणि महादेव राजाराम बोडस यांची प्रस्तावना असलेली त्याची आवृत्ती १८९७ मध्ये मुंबईत निघाली. नैयायिकांचे नेहमीचे उदाहरण डोंगरावरचा धूर पाहून अग्नीचे अनुमान करण्याचे. पण ते लगेच पुढचे प्रश्न विचारतात. दिसते ते धूरच आहे की धुके? आणि जिथे अग्नी तिथे धूर असतोच का? तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुरासाठी ओले लाकूड लागते. या अटीला ते उपाधी म्हणतात, आणि ती विसरून केलेल्या अनुमानाला हेत्वाभास.

गॅमा किरणांचा वाद नेमका याच वळणाने गेला. वेगवान इलेक्ट्रॉनही मंद प्रकाशाला ढकलून गॅमा किरण बनवू शकतात. तेव्हा वृश्चिकातल्या अवशेषाकडून आलेले किरण प्रोटॉनचा धूर की इलेक्ट्रॉनचे धुके, हा संशय उरला. दुसऱ्या दोन अवशेषांपुरता तो फिटला, ओल्या लाकडामुळे. मिथुन राशीतला आयसी ४४३ आणि गरुड तारकासमूहातला डब्ल्यू ४४ हे दोन जुने अवशेष दाट वायूच्या ढगांवर आदळत आहेत. पायॉनची स्वतःची ऊर्जा ठरलेली असल्यामुळे त्याच्या गॅमा किरणांचा आलेख २० कोटी इलेक्ट्रॉनव्होल्टच्या खाली झपकन उतरतो. इलेक्ट्रॉनच्या किरणांचा तसा उतरत नाही. ‘फर्मी’ उपग्रहाच्या निरीक्षणांत हा उतार दोन्ही अवशेषांत सापडल्याचे २०१३ मध्ये जाहीर झाले. स्फोटातल्या ताऱ्याचे अवशेष प्रोटॉनला वेग देतात, हे तिथे सिद्ध झाले. बाडे-झ्विकींच्या तर्काला तोवर एकोणऐंशी वर्षे लोटली होती.

सगळे सिद्ध झाले असे मात्र नाही. वैश्विक किरणांतले काही कण हजार लाख कोटी इलेक्ट्रॉनव्होल्टच्याही पुढे जातात. तेवढा वेग हे अवशेष देऊ शकतात का, हा प्रश्न उघडा आहे. चीनच्या ‘ल्हासो’ वेधशाळेने २०२१ मध्ये अतितीव्र गॅमा किरणांचे बारा उगम नोंदवले. त्यांतला खात्रीने ओळखता आला तो क्रॅब तेजोमेघ, आणि त्याला ऊर्जा मिळते ती मधल्या स्पंदक ताऱ्याकडून. लडाखमध्ये हानले इथे मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राची २१ मीटर व्यासाची ‘मेस’ दुर्बीण उभी आहे. २०२४ मध्ये तिचे उद्घाटन झाले. तीही असल्याच गॅमा किरणांच्या मागावर आहे.

आता पुन्हा त्या मोबाइलवरच्या संदेशाकडे पाहावे. किरण सर्वत्र पडतात, म्हणून ते संगमावर पडतात; संगमावर पडतात, म्हणून संगम पवित्र. नैयायिक याला सव्यभिचार हेतू म्हणतील. जो हेतू भाजीबाजारालाही तितकाच लागू पडतो, तो तीर्थाचे काहीच सिद्ध करत नाही.

मीमांसकांचा आक्षेप तर आणखी मुळावर घाव घालतो. वाईच्या प्राज्ञपाठशाळेच्या केवलानंद सरस्वतींनी ज्या शास्त्रासाठी ‘मीमांसाकोश’ रचला, त्या शास्त्राच्या आरंभीच जैमिनी सांगतो, की प्रत्यक्ष हे समोर असलेल्यालाच धरते, म्हणून धर्म जाणण्याचे ते साधन नव्हे. कर्म आज होते आणि फळ पुढे कधीतरी मिळते. या दोहोंना जोडणाऱ्या अदृष्टाला मीमांसक अपूर्व म्हणतात. ते मोजता येत नाही आणि मोजायचेही नसते. ही भूमिका कुणाला पटेल, कुणाला नाही. पण तिच्यात एक सचोटी आहे. आपला दावा कोणत्या प्रमाणावर उभा आहे, हे ती लपवत नाही. स्नानाच्या पुण्याला म्युऑनचा दाखला जोडणारा माणूस मात्र शब्दप्रमाण, म्हणजे वेदवचनाचा आधारही सोडतो आणि अनुमानही बिघडवतो. श्रद्धेला विज्ञानाची पावती लागते असे एकदा कबूल केले, की पावती खोटी निघाल्यावर श्रद्धेचे काय करायचे?

वैश्विक किरणांचे प्रकाशा गावाशी खरे नाते आहे ते वेगळेच. १९५५ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे बी. के. थापर यांनी इथली पांढरीची टेकडी खणली, तेव्हा ताम्रपाषाण काळापासून लोहयुगापर्यंत आणि त्याही पुढच्या वस्तीचे थर एकावर एक सापडले. तापी खोऱ्यातल्या आणि दख्खनमधल्या अशा वसाहतींच्या काळाला भक्कम आधार दिला तो कार्बन-१४ ने. हा कार्बन वातावरणात वैश्विक किरणांमुळेच तयार होतो आणि ५७३० वर्षांत निम्मा उरतो. त्याच्या मोजणीची मोठी प्रयोगशाळा आधी टाटा संस्थेतच होती. या खोऱ्यात माणसे हजारो वर्षांपूर्वी चुली पेटवत होती, हे आपण वर्षांच्या हिशेबात सांगू शकतो ते याच किरणांमुळे. गावाला मिरवायचेच असेल तर मिरवण्याजोगे एवढे आहे.

पुढच्या पर्वणीला शहादा-नंदुरबारच्या विज्ञान शिक्षकांनी घाटाजवळ एका मंडपात मेघपेटी मांडावी. काचेची पेटी, अल्कोहोल, तळाला सुका बर्फ आणि एक विजेरी एवढे सामान पुरते. आत बारीक पांढऱ्या रेघा उमटत राहतात आणि त्यांतल्या काही या किरणांच्या असतात. स्नान करून आलेल्याने त्या पाहाव्यात आणि स्नान न केलेल्यानेही. दोघांना त्या सारख्याच दिसतील.