विचारणारं कुणीतरी हवं

महाड
मे अखेर

चि. बाळ यास,


तुझं पत्र पोचलं. आंबेनळीच्या वाटेवरची तुझी दोनशिक्षकी शाळा आणि जपानमधली एक प्राथमिक शाळा येत्या वर्षी जोडल्या जाणार, दोन्हीकडची मुलं चित्रं काढणार, छोट्या फिल्म करणार आणि एकमेकांना पाठवणार, हे वाचून फार आनंद झाला. मुलांकडून काय काय करून घेऊ, असं विचारून तू यादीही पाठवली आहेस. प्रतापगडाची फिल्म, लेझीम, उमरठला तानाजींच्या समाधीपाशी पोवाडा, कोळीनृत्य आणि शेवटी सगळ्यांचं इंग्रजीतून स्वागतगीत. यादी मनापासून केली आहेस, ते दिसतं. तरी माझं ऐकशील तर ती सध्या बाजूला ठेव. कोळीनृत्य तर काढूनच टाक. घाटातल्या मुलांनी समुद्र पाहिलाय किती जणांनी?

एका शाळेत परदेशी पाहुणे आले होते, तेव्हा मी तिथे होते. तीन आठवडे अभ्यास बंद ठेवून तालीम चालली होती. फेटे आले, रांगोळ्या झाल्या, मुलं अगदी सुरेख नाचली. पाहुण्यांनी फोटो काढले आणि गाड्या निघून गेल्या. पहिल्या रांगेतल्या एका मुलीला मी विचारलं, "कुठून आले होते गं पाहुणे?" तिला माहीत नव्हतं. तिने त्यांना काही विचारलं नव्हतं, त्यांनीही तिला काही विचारलं नव्हतं. अशा कार्यक्रमाने मुलांना शाळेची गोडी लागेल, ही आशा करू नकोस. दुसऱ्या दिवशी ती मुलगी होती तिथेच होती.

गोडी कशाने लागते, ते मी चित्रकलेच्या तासाला पाहिलंय. माझ्या वर्गात एक मुलगा होता, सातवीत येऊनही चार ओळी धड लिहीत नसे. एकदा मी "गोठा" विषय दिला. शहरातल्या मुलांनी बैल उठताना काढला तो पुढचे पाय आधी टेकवून. या मुलाने मागचं धड वर काढलं आणि पुढचे गुडघे जमिनीवर ठेवले. वर्ग हसला. मी विचारलं, "असा का रे?" तो म्हणाला, "बाई, बैल मागूनच उठतो. घोडा पुढून उठतो." मी म्हटलं, मला हे ठाऊक नव्हतं, मला लिहून दे. त्याने पाऊण पान लिहिलं. शुद्धलेखनाच्या चुका होत्या, पण बैल बसतो कसा, रवंथ कधी करतो, कुठल्या बाजूला कलतो, सगळं होतं. पुढे तो चित्रकलेच्या एलिमेंटरीला बसला, इंटरमीजिएटलाही बसला. त्या दिवशी झालं एवढंच की ज्याचं उत्तर वर्गात फक्त त्याच्याकडे होतं असा प्रश्न त्याला कुणीतरी खरोखर विचारला.

जपानची शाळा तुझ्या मुलांना हेच देऊ शकते. तिथल्या मुलांना आपल्याकडचं काहीच ठाऊक नाही, म्हणून त्यांचा प्रश्न खोटा असू शकत नाही. बाईंना उत्तर येतं आणि तरी त्या विचारतात, हे मुलांना पहिलीपासून कळतं. बाहेरच्या मुलाला मात्र खरंच माहीत नसतं. तेव्हा हा सगळा प्रकल्प प्रश्नांवर उभा कर. पहिल्या पत्रात फिल्म पाठवू नकोस, प्रश्न पाठव, आणि त्यांच्याकडूनही प्रश्नच माग.

आता कल्पना कर, तू त्यांना कळवलंस की आमच्या डोक्यावर महाबळेश्वर आहे आणि तिथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. टोकियोत पडतो दीड हजाराच्या आसपास. त्यांच्या डोळ्यांपुढे सरोवरं येतील. मग मे महिन्यात एखाद्या वाडीवर उभा असलेला टँकर आणि त्यापुढची हंड्यांची रांग तुझ्या मुलांनी दाखवली, की तिकडून एकच प्रश्न येईल: इतका पाऊस पडतो, मग पाणी जातं कुठे? याचं उत्तर पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. मुलांना उठावं लागेल. उभा डोंगर, खाली काळा कातळ, वरची माती पातळ, पाणी ठरतच नाही. ओढ्याने सावित्रीला जातं आणि सावित्री ते बाणकोटच्या खाडीत नेऊन टाकते. पण हे तू फळ्यावर लिहू नकोस. कुठली विहीर कुठल्या महिन्यात आटते, हे आजीला विचारून यायला सांग. कुठला झरा होळीपर्यंत चालतो, कुठला अक्षय्य तृतीयेपर्यंत, हे त्यांनी नकाशावर रंगवू दे. भूगोल, गणित, निबंध, चित्र सगळं एका फिल्ममध्ये येईल, आणि ती फिल्म पाहायला कुणीतरी थांबलेलं असेल. महाडजवळच्या मुलांनी तर पाण्याची दुसरी गोष्टही सांगायला हवी. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब इथल्या चवदार तळ्यावर आले आणि पाणी प्यायले, ती. पाणी असूनही ते पिऊ द्यायचं नाही, असं का, हा प्रश्न जपानी मुलं विचारतील. तुझ्या मुलांना उत्तर देताना जड जाईल. जाऊ दे जड.

आपल्या सिनेमाची सुरुवातही अशाच विचारण्यातून झाली आहे. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनला गेले तेव्हा तिथे त्यांचं कुणी ओळखीचं नव्हतं. 'बायोस्कोप' या साप्ताहिकाच्या कचेरीत जाऊन ते संपादकाला भेटले, त्याने त्यांना सेसिल हेपवर्थच्या स्टुडिओत नेलं, आणि फाळके कॅमेरा खरेदी करून परतले. मग भांडवलदाराला पटवायला त्यांनी काय केलं? कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला आणि महिनाभराहून अधिक काळ ठराविक वेळाने एकेक चित्र घेत राहिले. पडद्यावर मिनिटभरात अंकुर फुटून वेल वाढताना दिसला. 'राजा हरिश्चंद्र' आला १९१३ मध्ये, त्याआधीचं हे काम. तुझी चौथीची मुलं नेमकं हे करू शकतात. जूनमध्ये भाताचा पेरा झाला की बांधावर एक दगड ठरवा, त्यावर मोबाइल ठेवायची खूण खडूने नको, पावसात जाईल, ऑइलपेंटने करा. रोज त्याच जागेवरून एक फोटो. पाळी लावून द्या, म्हणजे प्रत्येकाचा दिवस येईल. लावणी, पोटरी, निसवण, कापणी. जपानातही डोंगरउतारावर पायऱ्या पाडून भात लावतात. त्यांना त्यांच्या वाफ्याचे फोटो घ्यायला सांग. त्यांचं सुगीचं काम कधी आणि आपलं कधी, हे दोन्ही फिल्म शेजारी ठेवल्या की मुलांना आपोआप दिसेल.

कॅमेऱ्याशिवायही खूप करता येतं, आणि आंबेनळीत रेंज जाते, लाइट जाते, म्हणून ते आधी शिकव. जपानात कामिशिबाई नावाचा प्रकार आहे. लाकडी चौकटीत चित्रांचे जाड कागद सरकवत गोष्ट सांगायची, मजकूर कागदाच्या पाठीवर लिहिलेला. १९३० च्या सुमारास कथेकरी सायकलवरून गल्लोगल्ली फिरत, आधी मुलांना गोळ्या विकत आणि मग गोष्ट सांगत. आपल्या कोकणात, कुडाळजवळच्या पिंगुळीत, ठाकर समाजाचे चित्रकथी हेच करत आले आहेत. पोथीतलं एकेक चित्र पुढे धरायचं आणि वाद्यांच्या साथीवर कथा गायची. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, ती ही कला जपल्याबद्दल. दोन देशांत माणसांनी एकच युक्ती काढली. तुझ्या मुलांनी चौकट करावी, बारा चित्रं काढावीत, तिकडची मुलं कामिशिबाई करतील. गोष्ट मात्र अर्धीच पाठवायची. सहा चित्रं आपली, पुढची सहा त्यांनी काढायची. त्यांच्याही गोष्टीचा शेवट आपल्या मुलांकडे. तुझ्या वर्गात सगळ्यात कमी बोलणारा मुलगा या कामात पुढे येईल, माझा अनुभव आहे.

एका गोष्टीत मात्र जपून राहा. २८ जुलै २०१८ ला आंबेनळीत बस दरीत गेली आणि तीस माणसं गेली. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यात तळिये दरडीखाली गेलं, त्याच पावसात पोलादपुरातल्या केवनाळे आणि सुतारवाडीवरही दरड आली. तुझ्या वर्गात कुणाचं आपलं माणूस गेलेलं असू शकतं. परदेशी प्रेक्षक हेलावेल म्हणून त्या दुःखावर फिल्म करायची नाही. कुणी सुचवलं, अगदी वरून सुचवलं, तरी नाही म्हण. पण मुलाने स्वतःहून विषय काढला तर त्याला गप्पही करू नकोस. जपानी मुलांना दरडी आणि भूकंप आपल्याहून जास्त ठाऊक आहेत. १९२३ च्या मोठ्या भूकंपाच्या आठवणीत तिथे १ सप्टेंबर हा आपत्तीनिवारणाचा दिवस पाळतात, शाळाशाळांत सराव होतो. त्यांना विचारायला सांग: घंटा झाल्यावर तुम्ही कुठे पळता, लहान भावंडांना कोण धरतं, पिशवीत काय ठेवता? त्यांनी त्यांच्या सरावाची फिल्म पाठवली की तुझ्या मुलांनी आपल्या शाळेतून बाहेर पडायची वाट ठरवून तिची फिल्म करावी. पावसाळ्यात तिचा उपयोगच होईल.

भाषेची काळजी सोड. इंग्रजी वाक्यं घोकून घेऊ नकोस. घोकलेलं बोलणारं मूल कॅमेऱ्याकडे बघत नाही, तुझ्याकडे बघतं. मुलांना घरी बोलतात तसंच बोलू दे, खालच्या ओळी तू भाषांतर करून टाक. मोठ्या मुलांना त्या ओळी मराठीत आधी लिहून काढायला लाव. ज्याला लिहायचा कंटाळा आहे तोही लिहितो, कारण ओळ चुकली तर पलीकडच्याला कळणार नाही, हे त्याला समजतं.

थोडं कामाचं. मोबाइल आडवा धरायचा. झूम करायचं नाही, चालत जवळ जायचं. एक दृश्य मनात दहा आकडे मोजेपर्यंत हलवायचं नाही. आजी नाचणीची भाकरी थापते, त्याची फिल्म करायची असेल तर आजीचा चेहरा शेवटी घ्या. आधी परातीतलं पीठ, मग कडेवर फिरणारी बोटं, तव्यावर पाण्याचा हात फिरतो ते, मग चुलीतला जाळ मागे ओढते ते. पावसात आवाज खराब येतो, तेव्हा दुसऱ्या मोबाइलवर घोंगडीखाली बसून आवाज वेगळा घ्या. मोबाइल मुलींच्या हातात किती वेळ आहे, याची वहीत नोंद ठेव, नाहीतर मुलगे सोडत नाहीत. थेट व्हिडिओ कॉलवर सगळा भर टाकू नकोस. आपल्याकडे साडेदहा वाजता तिथे दोन वाजलेले असतात, जमेल तेव्हा एखादा करा, पण पाठवलेली फिल्म आणि चिठ्ठी पुन्हा पुन्हा पाहता येते. पालकांची लेखी संमती घे, शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेव आणि मुलांचे चेहरे आणि नावं कुठल्याही उघड्या पानावर टाकू नकोस. आणि प्रत्येक फिल्म आधी वाडीवर दाखव, देवळापुढे चादर बांधून. वाडीला जी पटली नाही ती जपानला जायची नाही.

हे छोट्या शाळेला झेपेल का, ही शंका तुझ्या पत्रात ओळींच्या मधे दिसली. माढा तालुक्यातल्या परितेवाडीची जिल्हा परिषद शाळा काही मोठी नव्हती. रणजितसिंह डिसले तिथे २००९ मध्ये आले तेव्हा इमारत मोडकळीला आली होती. त्यांनी पुढे आभासी सहली केल्या, आणि भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाइन अशा भांडणाऱ्या देशांतल्या मुलांच्या जोड्या लावून सहा आठवडे त्यांना एकत्र काम करायला लावलं. २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. मला त्यांच्या कामातली जोड्यांची गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. शाळेला शाळा जोडली तर पत्रव्यवहार मुख्याध्यापकांत होतो. मुलाला मूल जोडलं तर तो मुलांत होतो.

आणि मुलांच्या पारखीवर विश्वास ठेव. अविनाश अरुणचा 'किल्ला' सिनेमा आठवतो ना? कोकणात बदली होऊन आलेल्या आईबरोबरचा तो मुलगा, पाऊस, नवी शाळा, मित्र. २०१४ च्या बर्लिन महोत्सवात मुलांच्या विभागात या सिनेमाला क्रिस्टल बेअर मिळालं. ते देणारं परीक्षक मंडळ मुलांचंच असतं. कोकणातल्या पावसातलं एकटेपण बर्लिनच्या मुलांना कळलं. त्यासाठी त्या सिनेमात कुणी फेटा बांधून स्वागत केलं नव्हतं.

प्रतापगड नको असं मी म्हणत नाही. तिकडून कुणी विचारलं, की तुमच्या खिडकीतून काय दिसतं, तर तुझी मुलं गड दाखवतीलच, आणि तो त्यांच्या खिडकीतला गड असेल.

रविवारी महाडला ये. चौकटीसाठी मी सुताराला सांगून ठेवते, माप तेवढं तू जपानहून मागवून घे. रंग माझ्याकडे आहेत, ब्रश नवे घ्यावे लागतील. येण्याआधी वाडीवर एक चक्कर मार आणि सुट्टीत घरी असलेल्या मुलांना विचार, की तिकडच्या मुलांना तुम्हाला काय विचारायचंय. तू काही सुचवू नकोस. जे म्हणतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून आण.

तुझी,
मावशी