टॅबमधली यादी आणि स्मृतीचे प्रामाण्य

नेटवर्कवरचा फोल्डर उघडल्यावर पडद्यावर जी यादी दिसते, ती बरेचदा त्या फोल्डरची काही क्षणांपूर्वीची नोंद असते. विंडोजमध्ये सर्व्हरकडून आलेली यादी मूळ मांडणीनुसार १० सेकंद जपून ठेवली जाते. लिनक्सवर एनएफएसने जोडलेल्या फोल्डरबाबत ही मुदत ३० ते ६० सेकंद असते. फोल्डरमध्ये बदल झाला की सर्व्हरने आपणहून कळवावे, अशी सोय विंडोजच्या एसएमबी पद्धतीत आहे. जोडणी मंद असली की ही वर्दी उशिरा पोचते, कधी पोचतही नाही. २०२२ मध्ये विंडोज ११ च्या फाइल एक्स्प्लोररला टॅब मिळाले आणि वेगवेगळ्या वेळी भरलेल्या याद्या एकाच खिडकीत आल्या. सहकाऱ्याने काढून टाकलेली फाइल एका टॅबमध्ये अजून दिसते, दुसऱ्यात दिसत नाही. यादी कधीची आहे, हे मात्र कोणताच टॅब सांगत नाही.

अशा यादीवरून होणाऱ्या ज्ञानाला प्रमा, म्हणजे यथार्थ ज्ञान, म्हणावे का? ताजी यादी म्हणजे सर्व्हरची साक्ष. न्यायदर्शनाच्या भाषेत तिला शब्दप्रमाणाच्या जवळ ठेवता येईल. जपून ठेवलेली यादी स्मृतीच्या जातीची आहे. नवव्या शतकातला काश्मीरचा नैयायिक जयंत भट्ट ‘न्यायमंजरी’त स्मृतीला प्रमाण मानत नाही. आधी कळलेलेच ती पुन्हा सांगते, हा त्याचा आक्षेप नाही. ती विषयापासून उपजत नाही, हा आहे. ही कसोटी इथे चपखल बसते. जुनी यादी योगायोगाने आजच्या स्थितीशी तंतोतंत जुळली, तरी तिचा उगम साठवलेल्या संस्कारात आहे, आत्ताच्या फोल्डरमध्ये नाही.

यादी ताजी करण्यासाठी एफ५ दाबल्यावर पुन्हा तीच यादी आली, तर नवे काय कळले? हा धारावाहिक ज्ञानाचा जुना वाद आहे. न कळलेले कळवते तेच प्रमाण, असे भाट्ट मीमांसक मानतात. मग एकाच घटाकडे सलग पाहताना दुसऱ्या क्षणाचे ज्ञान प्रमाण कसे? त्याच परंपरेतल्या पार्थसारथी मिश्रांचे उत्तर असे, की त्यात पुढचा काळ नव्याने कळतो. इतका सूक्ष्म कालभेद डोळ्यांना जाणवत नाही, असा त्यावर आक्षेप घेतला जातो. नेटवर्कच्या बाबतीत तो आक्षेप लंगडा पडतो. इथला कालभेद सूक्ष्म नाही, आणि एफ५ दाबणाऱ्याला ‘फाइल अजून तिथे आहे का’ एवढेच विचारायचे असते. यादी तीच आली, तरी उत्तर नवे असते.

अभावाचा प्रश्न याहून नाजूक. वस्तू न दिसणे, म्हणजे अनुपलब्धी, हेच तिच्या अभावाच्या ज्ञानाचे साधन, असे कुमारिल भट्टांचे मत. पण अट अशी, की वस्तू असती तर ती दिसलीच असती. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, म्हणून तो नाही असे ठरत नाही. विंडोज तर ‘फाइल सापडली नाही’ हे उत्तरही ५ सेकंद जपून ठेवते, म्हणजे तिथे अभावाचीसुद्धा स्मृती असते. अर्धवट भरलेल्या किंवा शिळ्या यादीत फाइल नसणे ही कुमारिलांची अनुपलब्धी नव्हे. फाइल ‘नाही’ असे धरून कोणी त्याच नावाने आपली प्रत चढवली, तर सहकाऱ्याने नुकतेच केलेले काम पुसले जाऊ शकते. ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार जोडणी शाबूत असताना, सर्व्हरकडून नव्याने मागवलेली यादी पूर्ण आल्यावरच मिळतो.