बंद खोक्यातले विमान



एखाद्या मुलाला नवे खेळणे आणून दिले आणि सांगितले, "हे उघडायचे नाही, नुसते कपाटात ठेवायचे," तर ते मूल काय म्हणेल? एक तर रडेल, नाही तर आपण त्याची थट्टा करतो आहोत असे समजून हसेल. पण जगात अशी बरीच मोठी माणसे आहेत जी हेच करतात, तेही स्वखुशीने आणि पदरचे पैसे खर्च करून. जुन्या, दुर्मीळ मॉडेल किटचा संग्रह करण्याचा हा छंद आहे. आपल्या कन्हानमध्ये हा छंद फारसा कोणाला ठाऊक नसेल. तरी त्यातून जो प्रश्न उभा राहतो तो आपल्या प्रत्येकाच्या घरातला आहे, म्हणून आज त्यावर थोडा विचार करू या.

किट म्हणजे काय ते आधी पाहू. खऱ्या विमानाची, जहाजाची, मोटारीची किंवा आगगाडीची ठरावीक प्रमाणात लहान केलेली प्रतिकृती सुट्या भागांत मिळते. हे भाग प्लॅस्टिकच्या चौकटीला चिकटलेले असतात. ते कापून काढायचे, कडा पॉलिश पेपरने घासायच्या, खास डिंकाने जोडायचे, रंग द्यायचा आणि पाण्यात भिजवलेली चिन्हे जागच्या जागी चिकटवायची. विमानांसाठी फार वापरले जाणारे प्रमाण म्हणजे ७२ पट लहान. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश स्पिटफायर विमानाच्या पंखांचा पसारा सुमारे ११ मीटर होता. त्याची ७२ पट लहान प्रतिकृती साधारण साडेपंधरा सेंटीमीटरची, म्हणजे तळहातावर मावेल एवढी होते.

इंग्लंडमध्ये फ्रॉग या नावाने प्लॅस्टिकची अशी किट १९३६ साली निघाली. पुढे १९५२ मध्ये एअरफिक्स कंपनीने 'गोल्डन हाइंड' या जुन्या जहाजाचे छोटे किट वूलवर्थच्या दुकानांतून दोन शिलिंगला विकायला ठेवले. वर कागदी पट्टी लावलेली साधी प्लॅस्टिकची पिशवी, एवढेच त्याचे वेष्टन होते. त्यानंतर स्पिटफायर आले. शाळकरी पोरांनी खाऊच्या पैशांतून घ्यावे, संध्याकाळी जोडावे आणि खेळून खेळून मोडावे, यासाठीच हा माल तयार झाला होता. मुलांनी तसेच केले. म्हणूनच न जोडलेले जुने किट आज दुर्मीळ आहे. त्यात १९७० च्या दशकात फ्रॉगचा कारभार संपला आणि तिचे बरेचसे साचे सोव्हिएत संघात गेले. एअरफिक्स ज्यांच्याकडे होती ती कंपनी २००६ मध्ये कोसळली, तेव्हा हॉर्नबीने ती विकत घेतली. साचा हरवला किंवा बिघडला की ते किट पुन्हा निघत नाही. मग जे शिल्लक असेल त्याची किंमत चढते. खोका उघडला की ती उतरते, आणि किट जोडले की बहुधा आणखी उतरते.

आता प्रश्न असा. जी वस्तू जोडण्यासाठी बनली ती न जोडता ठेवणे, हे तिला जपणे आहे की तिला तिच्या कामापासून वंचित ठेवणे आहे?

संग्राहकाची बाजू आधी नीट ऐकली पाहिजे. तो म्हणेल, "सगळ्यांनी सगळे उघडले असते तर हे किट मुळात कसे होते हे कोणाला कळले असते का? खोक्यावरचे चित्र, सूचनांचा कागद, प्लॅस्टिकचा मूळ रंग, हाही इतिहासच आहे. मी तो राखतो आहे." या म्हणण्यात तथ्य आहे. कामठी रोडने नागपूरला जाताना कडबी चौकाजवळ मोतीबागेत रेल्वेचे नॅरोगेज संग्रहालय २००२ मध्ये सुरू झाले. नागपूर-छिंदवाडा छोटी लाईन २०१५ मध्ये बंद झाली, नागभीडची छोटी गाडी २०१९ मध्ये थांबली. आपल्यापैकी अनेकांनी त्या गाड्यांतून प्रवास केला आहे. आजच्या मुलांना ती छोटी इंजिने पाहायची तर मोतीबागेत जावे लागते. कोणी तरी ती राखली म्हणून ती दिसतात. सगळेच भंगारात गेले असते तर आपण नातवंडांना काय दाखवले असते? तेव्हा संग्रह करणे हा दोष नाही. पुढच्या पिढीसाठी काही राखून ठेवणे हे सत्कृत्यच आहे.

मग फरक कुठे पडतो? त्यासाठी पुण्याच्या दिनकर केळकरांचे उदाहरण घेऊ. १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली आणि आयुष्यभर ते गावोगाव फिरले. पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. त्यांचा राजा नावाचा लहान मुलगा वारला. त्याच्या स्मरणार्थ त्यांनी संग्रहालयाला 'राजा' हे नाव जोडले. त्यांनी काय जमवले? अडकित्ते, दिवे, वज्री, कुलुपे, स्वयंपाकाची भांडी, वाद्ये. सुमारे वीस हजार वस्तूंचा हा संग्रह त्यांनी शेवटी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. आज तिकीट काढून कोणीही तो पाहू शकतो.

या संग्रहातला अडकित्ता आणि न उघडलेले किट एकमेकांशेजारी ठेवून पाहा. अडकित्त्याचे मोल त्याला लागलेल्या हातांमुळे आहे. कोणी आजीने त्याने रोज सुपारी कातरली, त्याची मूठ झिजली, म्हणून तो आपल्याशी बोलतो. किटचे मोल मात्र त्याला एकही हात लागला नाही म्हणून आहे. त्यावर आतापर्यंत कोणाचेही आयुष्य घडलेले नाही. आपण खाणीत, रेल्वेत, कारखान्यात राबणारी माणसे आहोत. कोऱ्या पान्यापेक्षा हाताला बसलेला पाना आपल्याला प्यारा असतो. म्हणून हा फरक समजायला आपल्याला जड जाऊ नये.

यावर कोणी म्हणेल, हा सगळा लोभाचा खेळ आहे. काही जणांच्या बाबतीत असेलही. आज घ्यायचे, चार वर्षांनी चढ्या भावाने विकायचे, हा सरळ व्यापार झाला. त्यात लबाडी नसेल तर त्याला नावे ठेवायचे कारण नाही. पण बहुतेक संग्राहक विकत नाहीत. ते खोका हातात घेतात, चित्र पाहतात आणि परत ठेवून देतात. मला वाटते, त्यांना लोभापेक्षा भीती अडवते. न जोडलेले विमान मनात अगदी निर्दोष असते. जोडायला घेतले की डिंकाचा डाग पडेल, पंख तिरका बसेल, रंग ओघळेल. खोका बंद आहे तोवर आपल्या हाताची परीक्षा होत नाही.

शुभवर्तमानातला सोपवलेल्या धनाचा दृष्टांत आपण सर्वांनी ऐकला आहे. ज्या चाकराने आपल्या वाट्याचे धन जमिनीत पुरले तो चोर नव्हता, उधळ्याही नव्हता. त्याने पैसा जसाच्या तसा परत केला. त्याला भीती वाटली, एवढेच त्याचे म्हणणे होते. तरीही धन्याने त्याला बोल लावला. पुरून ठेवलेले धन सुरक्षित राहिले, पण ते ज्यासाठी दिले होते ते घडलेच नाही.

बंद खोकासुद्धा खरे तर सुरक्षित नसतो. चिकटवायच्या चिन्हांचा कागद वर्षांनुवर्षे पिवळा पडत जातो. काही किटमधली मऊ चाके शेजारच्या प्लॅस्टिकला लागून ते वितळवतात. फ्रॉगची सर्वांत जुनी किट ज्या प्लॅस्टिकची होती ते आपोआप वाकडे होते. हे सगळे वरचे वेष्टन शाबूत असताना आतल्या आत चालू असते. वस्तूला हात लावला नाही म्हणजे काळही तिला हात लावणार नाही, ही आपली समजूत आहे.

मग जपायचे की वापरायचे? या दोहोंत वैर आहे असे मला वाटत नाही. आपल्याकडचा तान्हा पोळा पाहा. खऱ्या बैलाची लहान केलेली प्रतिकृती म्हणजे तो लाकडी बैल. कित्येक घरांत तो आजोबांकडून नातवाकडे आलेला असतो. वर्षभर माळ्यावर कापडात बांधून ठेवतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तो खाली येतो, झूल चढते, गळ्यात माळ पडते, आणि दोरी धरून मुले घरोघरी जाऊन बोजारा मागतात. शिंग मोडले तर सुतार नवे बसवून देतो. तो बैल जपलेलाही आहे आणि वापरलेलाही आहे.

आपल्या नाताळच्या गव्हाणीचेही तसेच आहे. असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली ग्रेचो गावी खरा बैल आणि खरे गाढव आणून गव्हाणीचा देखावा मांडला. आज आपण घरोघरी मूर्ती मांडतो. वर्षभर त्या जुन्या कागदात गुंडाळलेल्या असतात. आगमनकाळात खोका उघडतो, मुले मेंढरे मोजतात, एखाद्या मेंढराचा कान डिंकाने चिकटवलेला असतो. कोणाच्या हातून कोणत्या वर्षी तो कान मोडला याची गोष्ट घरात दर नाताळात निघते. कान मोडेल म्हणून खोकाच उघडला नसता तर मेंढरू कोरे राहिले असते, आणि आपल्याकडे सांगायला काहीच उरले नसते.

पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय १९९८ मध्ये खुले झाले. तेथे छोट्या आगगाड्या रुळांवरून प्रत्यक्ष धावतात आणि लहानथोर कडेने उभे राहून पाहतात. तोही छंदातून उभा राहिलेला संग्रहच आहे.

एक अडचण मात्र उरते आणि ती टाळता येणार नाही. लाकडी बैल पुन्हा माळ्यावर ठेवता येतो, किट एकदा जोडले की पुन्हा न जोडलेले होत नाही. एखाद्या किटची अखेरची प्रत कोणाच्या हाती असेल तर ती उघडून टाका असे मी म्हणणार नाही. मी एवढेच विचारीन : ती कोणासाठी बंद आहे? उद्या कोणाला तरी पाहता यावी, अभ्यासता यावी म्हणून बंद असेल, तर तो राखणदार आहे. राखणदाराने आल्यागेल्याला दाखवावे, त्यातले नकाशे आणि सूचना दुसऱ्याला उतरवून द्याव्यात. पण आपल्याच भीतीसाठी बंद असेल, घरातल्या मुलालाही जवळ येऊ देत नसेल, तर ते पुरलेले धन आहे. बाहेरून दोन्ही खोके सारखेच दिसतात. फरक फक्त मालकाला ठाऊक असतो.

यात घरच्यांचाही विचार आहे. छंदावर खर्च करायला हरकत नाही, पण मुलांच्या फीचे पैसे थकलेले असताना कपाटात खोके वाढत असतील तर तो छंद राहिला नाही. मालक गेल्यानंतर काय होते तेही पाहावे. पत्नीला, मुलांना त्या वस्तूंची माहिती कधी सांगितलेलीच नसते. जागा अडते म्हणून एके दिवशी सारे किलोच्या भावाने भंगारवाल्याकडे जाते. ज्याने आयुष्यभर कोणाला हात लावू दिला नाही, त्याचा ठेवा अखेर ज्याला त्यातले काहीच कळत नाही अशा हाती पडतो. जिवंतपणी यादी करून ठेवावी, कोणाला काय द्यायचे ते सांगावे, आणि शक्य असेल तर एखादे किट शेजारच्या मुलाबरोबर बसून जोडावे. पंख थोडा तिरका बसेल. बसू द्यावा.

आपल्यापैकी बहुतेकांकडे असली विमाने नाहीत. पण शोकेसमध्ये पाहुण्यांसाठी ठेवलेला कपांचा सेट आहे, आणि पाहुणे आले की आपण स्टीलचेच पेले काढतो. लग्नातला शालू ट्रंकेत घडीवर विरतो आहे. कोणी पेटी शिकले होते, आता चूक होईल म्हणून मंदिरात वाजवायला पुढे येत नाहीत. कोणाच्या मनात भावाशी अबोला सोडायचे शब्द वर्षानुवर्षे तयार आहेत, पण ते नीट बोलता येणार नाहीत म्हणून ओठांवर येत नाहीत. हेही बंद खोकेच आहेत. त्यांतले काही खरोखर राखून ठेवण्यासारखे असतील. बाकीचे आपण कशासाठी बंद ठेवले आहेत, हे या आठवड्यात प्रत्येकाने घरी शांतपणे बसून पाहावे, आणि निदान एक उघडावा. कपांच्या सेटपासून सुरुवात केली तरी चालेल. एखादा कप फुटलाच, तर तो घरच्या माणसांना चहा देताना फुटला असे तरी म्हणता येईल.