नकाशा कुठे ठेवावा?



जामच्या चौकात रस्ता चुकला तर कुणालाही विचारता येते. आकाशात कुणाला विचारणार? म्हणून वैमानिक पूर्वी नकाशांनी भरलेली, पंधरा-सोळा किलोची बॅग सोबत नेत. आता ते सारे एका टॅब्लेटमध्ये मावते. वजन घटले, इंधन वाचले. हे चांगलेच झाले.

पण एप्रिल २०१५ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या टॅब्लेटवरील नकाशांचे सॉफ्टवेअर बिघडले आणि डझनावारी विमानांना उशीर झाला. नकाशा दिसेना, म्हणून वैमानिक थांबले. यात कमीपणा नव्हता. यंत्र कितीही चांगले असो, प्रवाशांच्या जिवाची जबाबदारी वैमानिकाचीच असते.

आपले काय? बायबल आणि प्रार्थना आता आपल्याही फोनमध्ये आहेत. त्यात गैर काही नाही. पण घरात भांडण पेटले किंवा कुणी लाच पुढे केली, त्या क्षणी फोन कोण उघडतो? तेव्हा अंतःकरणात साठवलेले असेल तेच कामी येते. दहा कुमारींच्या दाखल्यात तेल उसने मिळाले नाही, हे विसरू नये. आणि वाट दिसेनाशी झालीच, तर त्या वैमानिकांसारखे थांबावे, प्रार्थना करावी. अंधारात पुढे रेटू नये.

या आठवड्यात मुलांसह स्तोत्र २३ पाठ करू या. प्रभू आपणांस आशीर्वाद देवो.