वाणी कोणाची?

मंचरहून नाशिकच्या सडकेनें उत्तरेस निघालें कीं नारायणगांवाच्या पुढें जुन्नर तालुक्यांतील आळें हें गांव लागतें. ज्ञानेश्वरांनीं पैठणास ज्याच्या मुखानें वेद वदविले, त्या रेड्याची समाधि येथें आहे अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. मुक्या जीवासहि वाणीचा अधिकार आहे, हा त्या कथेचा बोध सर्वमान्य आहे व आम्हांसहि तो मान्य आहे. परंतु कथेच्या कडेला एक प्रश्न उरतोच. रेडा जें बोलला तें वेदवचन होतें. त्याचें स्वतःचें कांहीं म्हणणें असलें, तर तें कोणीं ऐकलें?

हा प्रश्न केवळ कथेपुरता नव्हे. ज्या मुलास मेंदूचा पक्षाघात, बुद्धीच्या वाढींतील उणीव, दृष्टीचा वा श्रवणाचा अभाव यांपैकीं दोन-तीन गोष्टी एकदम जडलेल्या असतात, त्याच्या घरीं तो रोज उपस्थित होतो. अशा मुलापाशीं पुष्कळदां शब्द नसतात. बोट दाखविण्याइतका हाताचा ताबाहि कित्येकदां नसतो. मग भोवतालचीं माणसें त्याच्या वतीनें बोलूं लागतात. 'त्याला भूक लागली', 'त्याला भजन फार आवडतें', हीं वाक्यें प्रेमाचीं खरीं. पण तीं त्या मुलाचीं आहेत काय?

संगीताचें साह्य येथें होतें, तें संगीत गोड असतें एवढ्याच कारणानें नव्हे. अमेरिकन संगीतकार पॉल नॉर्डॉफ व इंग्रज शिक्षक क्लाइव्ह रॉबिन्स यांनीं १९५९ सालीं इंग्लंडांत अशा मुलांबरोबर काम आरंभिलें. मूल जो आवाज काढी, ज्या लयीनें डोले वा रडे, तीच लय वाद्यावर उचलून त्यास उत्तर द्यावयाचें, ही त्यांच्या पद्धतीची मुख्य रीत. प्रथम बोले तें मूल; वाद्य मागाहून. दुसरी युक्ति याहून सोपी आहे. ओळखीच्या गाण्याची ओळ म्हणत जावी आणि शेवटच्या शब्दापाशीं थांबावें. सम जवळ आली कीं ऐकणाराची मान आपोआप हालते, हें आपल्याकडे भजनास बसणाऱ्या कोणासहि ठाऊक आहे. ती रिकामी जागा भरावी असें शब्द न कळणारासहि वाटतें. कोणी श्वास रोखतो, कोणी पापणी हालवितो, कोणी हुंकार देतो. डोळे व कान दोन्ही नसलेलें मूल ढोलकीवर तळहात टेकून कंपानें लय ओळखूं शकतें. याकरितां परदेशीं वाद्यें आणावयास नकोत. आंबेगांव-जुन्नरच्या देवळांतील टाळ-मृदंग पुरेसे आहेत.

परंतु धोकाहि येथेंच आहे. आशा मोठी असली म्हणजे सहज हाललेला हात उत्तरासारखा दिसतो. दुसऱ्यानें हात धरून मुलाकडून अक्षरें निवडवून घेण्याची एक पद्धति मध्यंतरीं पाश्चात्त्य देशांत पसरली होती. १९९० नंतरच्या दशकांत तिच्या कसोट्या झाल्या, तेव्हां तीं वाक्यें मुलाचीं नसून हात धरणाराचीं होतीं, असें दिसून आलें. हात धरणारे लबाड नव्हते. त्यांस स्वतःसहि तें कळलें नव्हतें.

मग खऱ्या उत्तराची खूण कोणती? आमच्या मतें, नकार. टाळ व डफ दोन्ही पुढें ठेवावे. मूल एकाकडे वळलें तर जागा बदलून पुन्हां पाहावें. त्यानें मान फिरविली तर गाणें तत्काळ थांबवावें. आपल्यामुळें गाणें थांबलें, हें ज्यास उमगलें त्याच्या हातीं कदाचित् प्रथमच सत्ता आली. ज्याचा नकार आपण कधीं ऐकलाच नाहीं, त्याच्या होकारास अर्थ काय?

२०१६ च्या दिव्यांगांच्या हक्कांविषयींच्या कायद्यानें संवादाच्या व्याख्येंत ब्रेल, स्पर्श, खुणा आणि वाणीस पूरक वा पर्यायी रीती यांचा समावेश केला, हें योग्यच झालें. तथापि वाट पाहण्याची संवय कोणताहि कायदा लावूं शकत नाहीं. हरिपाठाच्या वेळीं अशा मुलास पुढें बसविणें चांगलें. पण त्याच्या हातांत टाळ देऊन ते आपणच वाजविले, तर आवाज आपलाच राहिला. दुसऱ्याच्या मुखीं वाणी घालण्याचें सामर्थ्य संतांस शोभलें. आपल्या वांट्याचें काम त्याहून साधें, आणि तरीहि अवघड आहे: ओळ अर्धी सोडून थांबणें, आणि उत्तर 'पुरे' असें आलें तरी तें उत्तर म्हणून घेणें.