कवितेतलं व्याकरण

इंग्रजीच्या तासाला व्याकरण वेगळं आणि कविता वेगळी, अशी वाटणी आपण फार पूर्वीच करून टाकली आहे. काळ, प्रयोग, शब्दयोगी अव्ययं एका वहीत. कविता दुसऱ्या वहीत. अलंकाराचं नाव लिहिलं, मार्क मिळाले, की कविता संपली.

रॉबर्ट फ्रॉस्टची ‘द रोड नॉट टेकन’ घ्या. एनसीईआरटीच्या नववीच्या ‘बीहाइव्ह’मधून ती वर्षानुवर्षं शिकवली गेली. वाट म्हणजे आयुष्यातली निवड, हे रूपक मुलं चटकन ओळखतात. मग ‘मळलेली वाट सोडणारा यशस्वी होतो’ असं तात्पर्य लिहून मोकळी होतात.

कविता मात्र असं म्हणतच नाही. दोन्ही वाटा जवळपास सारख्याच मळलेल्या होत्या आणि त्या सकाळी दोन्हींवरची पानं अजून कुणी तुडवलेली नव्हती, हे तिथला वाटसरू स्वतःच सांगतो. कमी मळलेली वाट धरल्याचा दावा येतो तो अगदी शेवटी आणि त्याआधीचं क्रियापद भविष्यकाळी आहे. खूप वर्षांनी, उसासा टाकून, आपण असं सांगत असू, एवढंच तो म्हणतो. म्हणजे ही घडलेली हकीकत नव्हे; आपल्या निवडीला माणूस मागाहून जो अर्थ देतो, तो हा. काळाकडे दुर्लक्ष झालं, तर रूपक ओळखूनही कविता हातून निसटते.

या कवितेमागे एक मैत्री आहे. 1914 मध्ये फ्रॉस्ट इंग्लंडमध्ये असताना एडवर्ड थॉमस या लेखकमित्राबरोबर ग्लॉस्टरशायरच्या रानावनांतून हिंडत असे. कुठलीही वाट धरली तरी दुसरीची हळहळ थॉमसला लागून राही. ती हळहळ कवितेच्या नावातच आहे. ते नाव न धरलेल्या वाटेचं आहे.

आपणही आपले निर्णय असेच मागाहून सजवून सांगतो. माणसाच्या मनाची ही खोड पंधरा वर्षांच्या मुलाला एका क्रियापदाच्या रूपातून उमगू शकते. व्याकरणाचं याहून मोठं काम कोणतं?

म्हणून घरातल्या मुलाला कवितेतला अलंकार विचाराल, तेव्हा क्रियापदाचा काळही विचारा. त्या काळानं अर्थ कसा बदलला, हे मुलाला गाईड मिटून, स्वतःच्या शब्दांत सांगू द्या.