विद्येचा हिशेब कोणी मांडायचा

बारावीचा निकाल लागला की ठाण्याच्या जोशी-बेडेकरपासून कल्याणच्या बिर्ला आणि डोंबिवलीच्या पेंढरकर महाविद्यालयापर्यंत, कला शाखेकडे वळणाऱ्या मुलांच्या घरी एक प्रश्न हमखास निघतो: इंग्रजी घेऊन बी.ए. केलं तर पुढे मिळणार किती? साहित्यावर जीव असणाऱ्यांना हा प्रश्न हलका वाटतो. विद्येची बोली लावू नये, असं ते समजावतात. मला मात्र तो धर्माचा प्रश्न वाटतो. आपल्या परंपरेने अर्थाला चार पुरुषार्थांत जागा दिली आहे. त्याला फक्त धर्माच्या मर्यादेत ठेवलं. ज्या घरात एकाच पगारावर हप्ता, किराणा आणि धाकट्याची फी चालते, तिथे तीन वर्षांच्या शिक्षणातून काय हाती येईल हे विचारणं ही जबाबदारीच आहे. या प्रश्नाला खरं उत्तर न देणं हाच खरा अधर्म.

खरं उत्तर फारसं सुखाचं नाही. बी.ए.नंतर दोन वर्षांचं बी.एड. आणि शिक्षक भरतीची परीक्षा पार करून माध्यमिक शाळेत लागलेल्या शिक्षणसेवकाला महिना १८,००० रुपये मानधन मिळतं, आणि पहिली तीन वर्षं त्यावरच काढायची असतात. २०२३ पर्यंत हे मानधन ८,००० होतं. एम.ए. करून नेट किंवा सेट उत्तीर्ण झालेल्याला अनुदानित महाविद्यालयात कायम जागा मिळालीच, तर मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होतं. पण अशा जागा विरळ, आणि कितीतरी जण वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या पैशांवर शिकवत राहतात. राज्यसेवेला, बँकांच्या परीक्षांना कोणत्याही शाखेची पदवी चालते. ऐरोलीच्या कार्यालयांत मुलाखत घेणारा बोलणं ऐकतो. शेक्सपिअर किती वाचला हे तो विचारत नाही. या पदवीचा परतावा उशिरा येतो आणि त्याची हमी नसते, एवढं घरच्यांना स्पष्ट सांगायला हवं.

यावर जुना आक्षेप येतो की मुळात विद्या विकायची वस्तूच नव्हे. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’त गणदास हा नाट्याचार्य, केवळ पोटासाठी विद्या बाळगणाऱ्याला ज्ञानाचा व्यापारी ठरवतो. विचार उंच आहे. पण गणदास स्वतः राजाच्या पदरी वेतन घेणारा आचार्य आहे, आणि त्याच अंकात विदूषक त्या वेतनाचा उल्लेखही करतो. पुण्यात पेशव्यांच्या काळी श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी त्याच निधीतला काही भाग १८२१ मध्ये सुरू झालेल्या संस्कृत पाठशाळेकडे वळवला. १८४९ मध्ये सुधारकांनी त्यातला वाटा मराठी ग्रंथांसाठी मागितला तेव्हा पुण्यात केवढा गहजब झाला! विद्या जिथे जिथे निरपेक्ष राहिली, तिथे तिथे तिचं बिल दुसऱ्या कुणीतरी भरलेलं होतं, आणि ते कुणासाठी भरायचं हे जात आणि सत्ता ठरवत होत्या. तेव्हा ज्याच्या घरी असा आधार नाही, त्याला फळाची आशा सोडायला सांगणं हा गीतेचा सोयीपुरता वापर आहे. गीता कर्म सोडा म्हणत नाही, आणि भुकेल्याला उपाशी राहा असंही म्हणत नाही.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो आणि तो अधिक कडवा आहे. परतावा कमी असेल तर गरिबाने साहित्याच्या वाटेला जाऊच नये, ती हौस भरल्या घरच्या मुलांनी करावी. हा सल्ला व्यवहारी वाटतो, पण तो पगार हेच एकमेव माप मानतो. कल्याणात वाढलेल्या आनंदीबाई जोशींना या मापाने मोजून पाहा. पोस्टात नोकरी करणाऱ्या गोपाळरावांकडून त्या इंग्रजी शिकल्या, त्याच भाषेच्या बळावर १८८३ मध्ये अमेरिकेला गेल्या, आणि १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री वैद्यक महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात नेमणूकही झाली होती, पण रुजू होण्याआधीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्या गेल्या. पगाराच्या रकान्यात शून्य. तरीही त्यांच्या शिक्षणाची किंमत शून्य होती, असं म्हणायला आज कुणाची जीभ रेटणार नाही.

उदाहरण असामान्य आहे हे मान्य. म्हणून साधं घेऊ. ठाण्यात, डोंबिवलीत तीस-चाळीस वर्षांच्या इमारती पुनर्विकासाला निघाल्या आहेत. बिल्डरचा करारनामा बहुधा इंग्रजीत असतो: कार्पेट एरिया किती, पर्यायी घराचं भाडं कोणत्या महिन्यापर्यंत, काम रखडलं तर काय, कॉर्पसची रक्कम केव्हा. सोसायटीच्या सभेत तो मसुदा हातोहात फिरतो आणि बरेच जण विश्वासावर सही करतात. वाक्यात ‘करेल’ आहे की ‘करू शकेल’ हे ज्या मुलीला दिसतं, जी एका उपवाक्यापाशी थांबून सगळ्यांना थांबवते, तिची ती सवय कविता आणि कादंबऱ्या ओळीओळीने वाचताना लागलेली असते. त्यातून वाचलेलं भाडं अनेक घरांचं असतं आणि तिच्या पगारपत्रकात ते कधीच येत नाही. यंत्र आता मसुदे वाचून सारांश देतं, हे खरं. पण सारांशात काय गळलं हे कळायला मूळ मजकूर वाचता यावा लागतो.

जिथे लाभ अनेकांचा, तिथे जोखीम एकट्या घराने का घ्यावी? नव्या शैक्षणिक धोरणाने ऑनर्ससाठी चौथं वर्ष आणलं आहे. त्या वर्षाची फी, लोकलचा पास आणि बुडालेला पगार आज विद्यार्थ्याच्या माथी आहे. माझं मागणं दोन गोष्टींचं आहे. महाविद्यालयांनी प्रवेशाच्या वेळीच मागच्या तुकड्यांचे विद्यार्थी काय करतात आणि किती कमावतात हे छापून द्यावं. आणि अनुदानित कला शाखेच्या रिकाम्या जागा तासिकांवर न ढकलता कायमस्वरूपी भरून, चौथ्या वर्षासाठी गरजू मुलांना शासनाने निर्वाहभत्ता द्यावा.